प्लगचं तोंड कधी बघायचं

आमच्या घरात फुंकण्या दोन होत्या. एक मायच्या चुलीजवळची, लोखंडी, एका टोकाला चेपलेली. आणि दुसरी दादाच्या जीपवर, बोनेट कापून बसवलेली. पहिलीनं चूल पेटायची आणि दुसरीनं अख्खं घर. ही दुसरी धरणाच्या भंगारातून आली होती. धरणाचं काम संपल्यावर माती ओढणारी मोठमोठी यंत्रं तिथंच गंजत पडली होती, आणि त्यातल्या एकाच्या इंजिनावर हवा कोंबणारा एक जड डबा होता. तो सलीमनं ओळखला. सलीम म्हणजे दादाचा जोडीदार, बीडचा, घराण्यातच मेकॅनिकी. हातात पाना नसला की त्याला हात कुठं ठेवावेत हे सुचायचं नाही. त्यानं तो डबा सायकलच्या कॅरियरला बांधून आणला, आमच्या गोठ्यात बसून उघडला, साफ केला आणि आमच्या जुन्या पेट्रोल जीपच्या डोक्यावर पट्ट्या वेल्डिंग करून बसवला. त्याला सुपरचार्जर म्हणतात हे मला फार पुढं कळलं. तेव्हा मायनं विचारलं हे काय रे, तर दादा म्हणाला, फुंकणी. झालं, नाव पडलं. इंजिन आपल्या दमानं ओढतं त्याच्याहून जास्त हवा ती फुंकणी आत कोंबायची. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, आणि पेट्रोल जास्त म्हणून ताकद जास्त. एवढं विज्ञान आमच्या म्हशींनासुद्धा पाठ झालं असेल, इतक्या वेळा सलीमनं ते गोठ्यात सांगितलं होतं.

हा सगळा उद्योग चालला होता शंकरपटासाठी. दिंद्रुडला आमच्या जत्रेत बैलांचा पट व्हायचा, सरळ रेषेत, एका दमात, धुरळ्यातून धुरळ्यात. त्या साली मुलखात लाळ-खुरकुताची साथ आली आणि पंचांनी बाहेरगावचे बैल जत्रेत आणायचे नाहीत असं ठरवलं. बैल नाहीत तर पट नाही, आणि पट नाही तर जत्रा कसली? मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की यंदा त्याच पटावर जीपा पळवू. लिंबागणेशचे तयार, पालीचे तयार. आमच्या सुदामदादाला तर कुणी विचारायचीही गरज नव्हती. आज माझा नातू मोबाइलवर परदेशातल्या असल्या शर्यती बघतो आणि मला समजावून सांगतो की आज्जे, याला ड्रॅग रेस म्हणतात. मी म्हणते, असेल बाबा. आमच्याकडं याला पट म्हणायचे आणि सुरू करायला हिरवा दिवा नव्हता, पंचानं उंच धरलेला फेट्याचा शेव, म्हणजे टोक, खाली आला की सुटायचं.

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांचा जीपवर भारी राग. त्यांचे पोपट्या आणि नगऱ्या हे दोन बैल ठणठणीत होते, अण्णा रोज सकाळी त्यांचं तोंड उघडून फोड आलाय का बघायचे, आणि एवढी तयार जोडी घरात असून पटावर मात्र डबडं जाणार, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्यात दादाला नि सलीमला फाट्यावरच्या आमच्या तुकड्यात गॅरेज टाकायचं होतं. तो तुकडा रस्त्याला लागून, खडकाळ, पिकाच्या कामाचा नाही. पण अण्णांना विचारलं की ते नुसते तंबाखू मळत बसायचे. शेवटी एकदा जेवताना त्यांनी तोंड उघडलं. म्हणाले, पटावरनं जीप स्वतःच्या पायानं घरी आली तर तुकडा तुमचा. माझ्या बैलांनी ओढून आणायची पाळी आली, तर नांगर धरायचा आणि गॅरेजचं नाव पुन्हा काढायचं नाही. जिंकायची अटच नव्हती, नुसतं घरी यायचं होतं. दादानं येसराच्या आमटीचा भुरका मारत हो म्हणून टाकलं. माय म्हणाली, बैलानं ओढलेली जीप बघायला गाव लोटंल, तेवढीच जत्रा. तिला दोघांचीही कीव यायची आणि दोघांचंही हसू.

मी बारावी होऊन घरी बसलेली. पुढं काय, हा प्रश्न मला सोडून सगळ्यांना पडला होता आणि सगळ्यांचं उत्तर एकच होतं, त्यामुळं मी जमेल तेवढी गोठ्यात दडायची. तिथं माझ्याकडं प्लग होते. म्हणजे इंजिनातले स्पार्क प्लग, ज्यांच्या तोंडाशी ठिणगी पडते. ते खोलायचे, पेट्रोलमध्ये बुडवून पितळी ब्रशानं घासायचे, तोंडातली फट पत्र्याच्या पट्टीनं मोजायची आणि ज्या त्या जागी परत लावायचे, हे काम दादाच्यानं होत नव्हतं, कारण तो घाईचा, आणि सलीमच्यानं होत नव्हतं, कारण तो बोलता बोलता प्लगांची अदलाबदल करायचा. मग मी मायचा एक मोडका पाट घेतला, त्याला चार भोकं पाडून घेतली, आणि प्लग त्यात ओळीनं उभे करायची. माय म्हणायची, बाकीच्या पोरी रांगोळी भरतात, आमची हे भरती. पण पेट्रोलचा वास, शेजारी कडब्याचा वास, आत तव्यावर धपाटे पडल्याचा चर्र आवाज, सलीमची अखंड बडबड. मला त्याहून सुखाची जागा आजवर सापडली नाही, आणि मी काही कमी जागा बघितल्या नाहीत.

सराव व्हायचा कॅनॉलच्या रस्त्यावर. एवढा सरळ रस्ता आमच्याकडं दुसरा नव्हता. दादा चालवायचा, सलीम शेजारी, मी मागं लोखंडी बाराला धरून. दादानं पाय दाबला की फुंकणीची शीळ सुरू व्हायची, आधी बारीक, मग अशी चढत जायची की कॅनॉलवरचे बगळे उठायचे. पहिले दोन दिवस जीप वाऱ्यासारखी गेली. तिसऱ्या दिवशी पाय दाबल्यावर गचके द्यायला लागली. सलीम म्हणाला मिसिंग मारतीय. घरी येऊन मी प्लग काढले तर चारही काळेठिक्कर.

आता काळा प्लग म्हणजे काय, तर प्लगच्या तोंडावर काजळी साचली की ठिणगी फटीतून उडी मारायच्या ऐवजी काजळीवरनं पळून जाते. पण काजळी कशाची, हे शोधायला लागतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर आत तेल येतं, आणि मग प्लग ओला, चकचकीत निघतो. मी बोटानं घासून बघितलं, तर कोरडी भुकटी, मायच्या तव्याच्या बुडाला असते तशी. म्हणजे तेल नाही. ठिणगी देणारी कॉइल बदलून बघितली, पॉइंट घासले, वायरी बदलल्या. ठिणगी निळीशार पडत होती. मग उरलं काय, तर पेट्रोल जास्त होतंय आणि पुरतं जळत नाही. सलीमनं कार्बोरेटरचा जेट काढला, म्हणजे ज्या बारीक भोकातून पेट्रोल येतं तो, कथलाचा डाग देऊन त्याचं भोक बुजवलं आणि त्याहून बारीक पाडलं. दुसऱ्या दिवशी सराव, घरी येऊन प्लग काढले, पुन्हा काळे. जेट अजून बारीक. पुन्हा काळे. सलीमचं तोंड प्लगासारखं व्हायला लागलं. त्यात जीप शेवटी शेवटी दमायला लागली, आणि वेगात असताना इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. दादा म्हणाला, फुंकणीचा असंल. आम्हाला तेच हवं होतं, म्हणून आम्हीही म्हणालो, फुंकणीचाच.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. आमच्याकडं पटावरनं बैल आला की त्याला कुणी पळवत घरी नेत नाही. पाय मोकळे व्हायला त्याला चालवत, झुलवत, गावातनं मिरवत न्यायचं, बाया पायावर पाणी घालतात, ओवाळतात, आणि मग तो गोठ्यात जातो. जीपलाही आम्ही तेच लावलं होतं. ठरवून नाही हो, हातापायातच ते होतं. कॅनॉलवरनं आलो की वेशीपासून घरापर्यंत जीप पावलापावलानं, पोरं लोंबकळलेली, म्हातारी माणसं फुंकणीत डोकावणारी, मारुतीपुढं थांबून नारळ, कासारणीच्या दारात थांबून ओवाळणी. आणि सगळा वेळ इंजिन आपलं मंद, भुकभुक चालू. बंद कोण करणार? बंद केलं तर लोक म्हणायचे, बसली.

मग एका दुपारी पालीचा एक पाहुणा नगऱ्या बघायला आला. पेरणीला जोडी मिळंल का म्हणत होता. बैल नुकताच शेतातनं येऊन, पाणी पिऊन कडबा खात होता. पाहुण्यानं त्याचं तोंड बघितलं, नाकपुड्या बघितल्या, दम लई हाय म्हणाला आणि चहा पिऊन गेला. तो वेशीपार जातोय न जातोय तोवर अण्णा सुरू झाले. मी तिथंच पाट मांडून प्लग घासत बसले होते, पण ते माझ्याशी बोलत नव्हते, नगऱ्याशी बोलत होते.

“याला बैलातलं काय कळतंय? बैलाचा दम नांगराच्या तासाच्या शेवटाला बघायचा असतो, भर ओढीत थांबवून. तिथल्या तिथं तोंड बघायचं. हितं निवांत चालत आला, पाणी प्याला, कडबा खाल्ला, आन् मग बघतोय. आता त्याला बैलाचं तोंड दिसतंय का कडब्याचं?”

माझ्या हातातला ब्रश थांबला. मी पाटावरच्या चार काळ्या तोंडांकडं बघितलं. आम्ही रोज काय बघत होतो? पळालेल्या इंजिनाचं तोंड, की वेशीपासून घरापर्यंत भुकभुकत आलेल्या इंजिनाचं? सलीमनं फुंकणीसाठी मुद्दाम थंड जातीचे प्लग आणले होते. ते वेगात तापून स्वतःची काजळी स्वतःच जाळतात, पण मंद चालीत गारच राहतात आणि काजळी धरतात. हे त्यानंच मला शिकवलं होतं. म्हणजे काजळी होती मिरवणुकीची. आणि तिच्यापायी आम्ही रोज जेट बारीक करून, पळताना लागणारं पेट्रोल तोडत चाललो होतो. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आतून भयंकर तापतं, आणि ते डब्यातले खडे त्याचेच असावेत.

मी दोघांना सांगितलं. दादा म्हणाला, तू बैलाचं जीपला लावू नको. सलीमनं पाटावरचा एक प्लग उचलून बघितला, पण म्हणाला, काळा तो काळाच ना इंदू. मी म्हटलं, भर वेगात किल्ली बंद करा, क्लच दाबा, नुसती घरंगळू द्या आणि जागेवर प्लग काढून बघू. दादानं साफ नकार दिला. रस्त्यात जीप बंद पडलेली कुणी बघितली तर अण्णांपर्यंत बातमी आमच्या आधी पोचंल, आणि परवा पट. त्याचंही खोटं नव्हतं. तो गॅरेजच्या पाटीचा रंगसुद्धा ठरवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी कॅनॉलवर शीळ चढली, बगळे उठले, डब्यातले खडे खुळखुळायला लागले, आणि मी मागून हात लांब करून किल्ली फिरवली. एकदम शांत. नुसता वारा. दादानं घाबरून क्लच दाबला, आणि जीप घरंगळत जाऊन थांबल्यावर त्यानं मला ज्या शिव्या घातल्या त्यातल्या निम्म्या मी तोवर ऐकल्या नव्हत्या. मी ऐकून घेतल्या. पदरानं धरून पहिला प्लग सोडवला. हात भाजला, पण काढला.

पांढराफटक. काळ्याचा मागमूस नाही. चिनीमातीवर बारीक बारीक चंदेरी ठिपके. सलीमनं तो उन्हात धरला, नखानं ठिपका खरवडला आणि खाली कॅनॉलच्या कठड्यावर बसला.

“हे पिस्टन हाय,” तो म्हणाला. “पिस्टन वितळून ह्याला लागायलाय. अजून एकदा पळवली असती ना सुदाम, तर भोक पडलं असतं.”

दादानं प्लग हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. मग मला म्हणाला, अजून कुठं भाजलं का तुला? एवढंच. पण आमच्या दादाच्या मानानं ते भाषण होतं.

त्या दिवशी जीप मिरवली नाही, मागच्या पांदीनं घरी आणली. सलीमनं इंजिनाचं डोकं उतरवलं. पिस्टनच्या कडा जरा खाल्लेल्या, पण भोक नाही. त्यानं पुसून, घासून पुन्हा बसवलं, पहिला मोठा जेट लावला, आणि डोक्याला हात लावून म्हणाला, पटाच्या दिवशी काय करायचं? मिरवणूक तर टळायची न्हाई. ओवाळायला गाव उभं राहणार. म्हणजे लायनीवर जाईस्तोवर पुन्हा काळे. मला मात्र हे सोपं वाटत होतं. बैल पटावर जातो तेव्हा झूल, घुंगरं, शिंगांना गोंडे, सगळं लेवून जातो. पण पळतो का तसा? लायनीवर सगळं उतरवतात. मी म्हटलं, साधे गरम प्लग लावून मिरवा, कितीही ओवाळा, नारळ फोडा. लायनीवर मी बदलते.

जत्रेच्या दिवशी गाव नुसतं गुलालानं लाल झालं होतं. रेवड्या, गुडीशेव, तेलाचा धूर, पिपाण्या. आमची जीप साध्या प्लगांवर सगळीकडं थांबत, ओवाळून घेत पटावर आली आणि तिच्या मागोमाग अण्णा. झुली घातलेले पोपट्या नि नगऱ्या घेऊन आणि खांद्यावर साखळी. ती साखळी कशासाठी हे सगळ्या जत्रेला ठाऊक होतं. लोक विचारायचे, अण्णा, आजच ओढायची का सकाळी? अण्णा मिशीतल्या मिशीत हसायचे. जीप लायनीवर लागली तशी मी पाट घेऊन पुढं गेले. पटाच्या लायनीवर बाईमाणूस येत नसायचं. पंचांतला एक म्हणालाच, ही कावून आली? सलीमनं उत्तर दिलं की झूल उतरवायला आली. लोक हसले, आणि हसण्यात कुणाला अडवायचं सुचलं नाही. मी तापलेल्या इंजिनातून चार काढले, चार लावले. एकाचाही आटा वाकडा बसू दिला नाही.

फेट्याचा शेव खाली आला. पुढचं मला नीट दिसलंच नाही, धुरळाच धुरळा. शीळ मात्र ऐकली. ती चढली, चढली आणि कुठंही न अडखळता चढतच राहिली, खडे नाहीत, गचके नाहीत. लिंबागणेशची जीप आमच्या एक हात पुढं निघाली असं मागनं कळलं. आम्ही दुसरे. आणि तिकडं पटाच्या टोकाला शीळ एकाएकी तुटली.

जत्रेला वाटलं फुटली. हो तर, वाटणारच. मी पाना घेऊन धावत सुटले, कारण मला ठाऊक होतं की दादानं भर वेगात किल्ली बंद केली. ते आमचं ठरलं होतं. अण्णांना ते सांगायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. मी पोचून प्लग काढतेय तोवर मागनं घुंगरांचा आवाज आला. बघते तर अण्णा बैलांना पळवत आणत होते. फेटा सुटलेला, साखळी मातीतनं फरफटत. त्यांच्या लेखी पैज त्यांनी जिंकली होती, आणि तोंड असं झालं होतं की घरात कुणी गेलंय. त्यांनी जीपकडं बघितलं, दादाकडं बघितलं.

“फुटली का रं?” त्यांनी विचारलं.

दादाला अण्णांचं ते तोंड बघवत नव्हतं. मग मीच पदरात धरलेला प्लग त्यांच्यापुढं केला. चांगल्या भाजलेल्या भाकरीचा असतो तसा फिका तांबूस रंग, ना काळा, ना पांढरा. मी सांगितलं की फुटली नाही, आम्हीच थांबवली, तुम्ही नगऱ्याला म्हणाला होता तसं भर ओढीत थांबवून तोंड बघितलं, आणि तोंड चांगलं आहे. अण्णांनी प्लग हातात घेतला. हात भाजला, तरी सोडला नाही. रोज सकाळी पोपट्याचं तोंड उघडून बघायचे तसा डोळे बारीक करून सगळीकडनं बघितला. मग साखळी उचलून जीपमध्ये टाकली, बैलांचा कासरा दादाच्या हातात दिला आणि जन्मात पहिल्यांदा त्या जीपमध्ये चढून बसले.

“सुदामा, तू बैल आण,” ते म्हणाले. “जीप इंदी आणंल.”

मी कॅनॉलच्या रस्त्याला दादाला गूळ लावून चालवलेली होती, पण गावातनं, जत्रेतनं, शेजारी अण्णा बसलेले, अशी नाही. मी प्लग परत लावले, सलीम मागं बाराला धरून उभा राहिला. इंजिनाला एका हाकेत जाग आली. पुढं दादा झुली घातलेले बैल घेऊन आणि मागं मी पावलापावलानं, भुकभुक करत. थंड प्लग आत काळे होत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. वेशीत बायांनी आधी बैलांच्या पायावर पाणी घातलं, मग जीपच्या चाकांवर. कासारणीनं मला कुंकू लावलं आणि माझ्याकडं बघून रडायला लागली. का, ते मला अजून कळलेलं नाही, पण मीही रडले.

घराकडं वळायच्या जागी अण्णांनी सरळ जायची खूण केली. फाट्यावर, त्या खडकाळ तुकड्यापाशी आलो तेव्हा म्हणाले, थांबव. मी थांबवली. ते उतरले, जीपमधली साखळी काढली आणि तुकड्याच्या एका कोपऱ्यापासून, जागा मोजतात तशी, ती जमिनीवर लांब टाकत गेले. दादा बैल घेऊन उभा, सलीम उडी मारून खाली आलेला. दोघांनीही हात जोडले. अण्णांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. ते माझ्याकडं बघत होते, मी अजून स्टेअरिंग धरून बसलेली.

“तिकडं कावून बसलीस?” ते म्हणाले. “उतर. तिघांची जागा हाय. तुझा पाट कुठं मांडायचा, ते आधी दाखीव.”